चीज झालं नाही

२ मार्च

प्रिय मामा,

तुला नमस्कार, आणि तुझ्या दुकानातल्या सगळ्या लंगड्या छत्र्यांनाही.

फोन का करत नाहीस, असं विचारू नकोस. इथे डोंगरावर रेंज हवी असेल तर शेळ्यांच्या मागे कड्यावर चढावं लागतं. आणि एवढं करून तू फोनवर बोलतोस काय? ‘हॅलो’ आणि ‘ठेवू का?’ त्यापेक्षा पत्र बरं.

मामा, काल मी जे पाहिलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. मी चीज केलं. शेळीच्या दुधाचं. शेजारच्या गोठ्यातल्या म्हाताऱ्या बाई हिवाळाभर शिकवत होत्या. भूमध्य समुद्राच्या काठची माणसं पूर्वापार करत आलीत तसं. कोमट दुधात थेंबभर औषध घालायचं, की दूध दह्यासारखं बसतं. ते कापायचं, फडक्यात बांधायचं, वर दगड ठेवायचा. इथवर ठीक. पण नंतर त्या म्हणाल्या, आता ही वडी तिच्याच निवळीत, म्हणजे उरलेल्या पाण्यात, टाक आणि खाली जाळ कर. मी म्हटलं, अहो, विरघळून जाईल! त्या नुसत्या हसल्या.

वडी तळाशी जाऊन बसली. मी पातेल्यावर वाकून बघत राहिले. आणि मामा, थोड्या वेळाने ती हलली. एक कोपरा उचलला गेला, मग दुसरा, आणि सगळी वडी सावकाश वर आली आणि तरंगायला लागली. कुणी हात लावला नव्हता. ‘झालं,’ बाई म्हणाल्या, ‘आता हिला आगीत घातलीस तरी वितळणार नाही.’ मी प्रयोगशाळेत एवढी वर्षं काढली, पण असं काळजात धस्स आणि आनंद एकदम कधी झालं नव्हतं.

आगीतही घालून पाहिली. कुंपणाच्या तारेचा तुकडा घेतला, चीजचे चौकोन ओवले, मधे ढोबळी मिरची, वांगं, कांदा. पण तार पडली गोल. मी तार फिरवते, तार फिरते, आणि भाज्या आपल्या जागच्या जागी! एक बाजू कोळसा, एक बाजू कच्ची. वितळलं नाही हे खरं, पण नीट भाजलंही नाही. तर मला सळया करून दे. गोल नकोत. तुझ्या हातात जादू आहे, हे मी उगीच म्हणत नाही, काम आहे म्हणून म्हणते.

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी खालच्या गावात बाजार भरतो. तिथे मी शेगडी मांडणार आहे. आणि मामा, आता मनातलं सांगते. मला गिऱ्हाइकांचं एवढं काही नाही. आईने यावं, माझ्या शेगडीवरचं एक तरी खावं, एवढंच हवंय. औषध कंपनीतली नोकरी सोडून मी शेळ्या राखणाऱ्याशी लग्न केलं, त्याला तीन वर्षं झाली. तेव्हा ती एकच वाक्य बोलली होती: ‘शिक्षणाचं चीज केलं नाहीस.’ त्यानंतर एक शब्द नाही. आता शब्दशः केलंय ना! तिला सांग. नको, सांगू नकोस. किंवा तिचा मूड बघून सांग.

तुझी,
भिंगरी

—

१४ मार्च

चि. भिंगरी,

पोटभर आशीर्वाद. तुझ्या गवळ्यालाही थोडे दे, तो बोलत नाही म्हणून त्याला कुणी काही देत नाही.

तुझं पत्र मी चारदा वाचलं. आगीत न वितळणारं चीज! अगं, माझ्या दुकानात उन्हाने प्लास्टिकच्या मुठी वितळतात आणि तू मला हे सांगतेस? पण तू लहानपणापासून कधी थाप मारली नाहीस. म्हणजे मारायचीस, पण लगेच पकडली जायचीस. तेव्हा विश्वास ठेवतो. वडी आपली आपण वर आली, तिथे तर मी वाचता वाचता उभाच राहिलो. गिऱ्हाईक म्हणालं, काय झालं? मी म्हटलं, वर आली! ते छत्री तशीच टाकून निघून गेलं.

आता कामाचं. मी आधी छत्रीच्या काड्या घेतल्या. दोन दोन जोडीने बांधल्या, म्हणजे भाजीला गिरकी मारता येणार नाही. तासून, टोक काढून अगदी झकास पुडकं तयार केलं. पण एका तज्ज्ञ व्यक्तीने सांगितलं, की काड्यांना जस्ताचा मुलामा असतो, निखाऱ्यावर तापला की त्याचा धूर विषारी, आणि ‘असल्या काड्या कुणाला खायच्या कामाला देणाऱ्याला तुरुंगात टाकलं पाहिजे.’ ही तज्ज्ञ व्यक्ती कोण, ते विचारू नकोस. माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर राहते, आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलंय, आणि तुझ्या पत्रात काय आहे याची तिला काहीही कल्पना नाही. मी फक्त पत्रं जरा मोठ्याने वाचतो. तेही जिन्यात उभं राहून. तिथे उजेड बरा आहे.

तर काड्या रद्द. मग डोकं खाजवत बसलो. शेजारचा वह्या-पेनांचा दुकानदार दुकान बंद करतोय. त्याच्याकडे स्टीलच्या फूटपट्ट्यांचा ढीग पडून होता, आता मोजायला कुणी घेत नाही म्हणाला. पट्टी म्हणजे चपटी! पत्रा कापायच्या कात्रीने एक मधोमध उभी चिरली, कडा घासून बोथट केल्या, एका टोकाला अणी काढली आणि दुसरं टोक छत्रीच्या मुठीसारखं वळवलं. सवय जाणार कुठे! नमुन्याची एक सोबत पाठवतोय. तिच्यावर इंच नि सेंटीमीटर आहेत. घासून जात नाहीत. राहू देत, भाजीचे तुकडे सारखे कापता येतील.

पट्टीला मात्र तज्ज्ञ व्यक्तीची हरकत नाही. तिने ती उन्हात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली आणि ‘हं’ म्हणाली. भिंगरी, तीन वर्षांत तुझ्या बाबतीत निघालेला हा पहिला हुंकार. मी तो जपून ठेवलाय.

तुझा,
मामा

—

२ एप्रिल

मामा रे मामा,

काय पाठवलंस! गवळीबुवांनी सळई हातात घेतली, फिरवली, टोक बोटाला लावून पाहिलं, आणि चक्क दोन वाक्यं बोलले. ‘मस्त आहे. अजून हव्यात.’ वर्षाचा कोटा संपला.

काल संध्याकाळी अंगणात शेगडी पेटवली. आता मला थोडं कळायला लागलंय. ज्वाळा असताना काही ठेवायचं नाही, निखाऱ्यांवर पांढरी राख धरली की मगच. कांदा आणि टोमॅटो एका सळईत घालायचे नाहीत, कांदा हसायला लागेपर्यंत टोमॅटो रडून संपतो. वांग्याला मीठ लावून आधी रडवून घ्यायचं. आणि चीजला भोसकायचं नाही. भोसकलं की दुभंगतं. हातात धरून, सळई हळूहळू गोल फिरवत आत जाऊ द्यायची, झोपलेल्या पोराच्या कानातून बाळी काढावी तशी. वरून ऑलिव्हचं तेल, लिंबू, चुरलेला सुका पुदिना. बस्स.

मग मी सळई ठेवली आणि पहिल्यांदा सगळं नीट पाहायला मिळालं. भाज्या फिरवल्या की फिरत होत्या. मिरचीची साल फुगली, काळी पडली, तिच्यातून गोड वास सुटला. आणि मधे ते पांढरे चौकोन, खाली लाल निखारे, आणि ते वितळेनात. मला माहीत होतं की वितळणार नाहीत. तरी प्रत्येक वेळी वाटत होतं, आता गेलं, आता ओघळलं. ते नुसते कडेने सोनेरी होत गेले. मग तांबूस. मग त्यांच्यावर जाळीच्या रेघा उमटल्या. मामा, माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि धुराने नाही. आगीपुढे असं शांत बसता येतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. चावलं तर दाताखाली कुईकुई वाजतं! गवळीबुवा घाबरून थांबले, की आपलाच दात वाजला.

आता ऐक. तू आईला बाजाराचं सांग. रीतसर. जिन्यातून नाही, समोर बसून. म्हणावं, भिंगरीने बोलावलंय. पहिला रविवार. बसने खालच्या गावापर्यंत यायचं, तिथून आम्ही घेऊन येऊ. ती आली नाही तर मी शेगडी मांडीन, सगळं विकलंही जाईल, पण माझ्यासाठी ते सगळं अळणीच.

तुझी,
भिंगरी

—

१२ एप्रिल

चि. भिंगरी,

सांगितलं. समोर बसून. हातात चहा देऊन, म्हणजे तिला उठून जाता येऊ नये.

अक्काने सगळं ऐकलं. कप खाली ठेवला. म्हणाली, ‘जत्रेत शेगडीपुढे बसण्यासाठी मी तिला शिकवलं नव्हतं.’ मी म्हटलं, ‘अगं, वितळत नाही ते!’ ती म्हणाली, ‘प्रत्येक पदार्थाला वितळायची वेळ असते, धाकट्या. तिचं ते चीज नसेल, फडकं असेल.’ मी म्हटलं, ‘मग येऊन बघ की.’ तर म्हणाली, ‘नाही.’ तुला अक्काचं ‘नाही’ माहीत आहे. दगडावरची रेघ. मी तिच्यापेक्षा लहान असून म्हातारा झालो, पण त्या ‘नाही’चं ‘हो’ झालेलं पाहिलं नाही.

वाईट वाटून घेऊ नकोस. म्हणजे घेशीलच. मलाही वाटलं. मी खाली येऊन रागारागाने आठ-दहा पट्ट्या चिरून टाकल्या. राग आला की माझं काम चांगलं होतं. सळया तयार होत आल्यात, बाजाराआधी पाठवतो.

एक गोष्ट मात्र चमत्कारिक. परवा मी दुपारी वर गेलो तर ती पातेल्यात दूध तापवत होती आणि त्यात बोट बुडवून बघत होती. मी विचारलं, काय करतेस? म्हणाली, ‘दूध तापवते. तुला दिसत नाही?’ वय झालं तिचं. साय धरायची तर ही बोटं घालत बसली.

तुझा,
मामा

—

२० एप्रिल (पोस्टकार्ड)

मामा, घाईत लिहितेय. चीज झालं नाही. सगळं पाणी पाणी झालं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. काय चुकलं कळत नाही. सळया एवढ्यात पाठवू नकोस, उपयोग नाही. — भि.

—

२४ एप्रिल, तातडीचं

भिंगरी, बाळ,

हे पत्र तुला आधी मिळतं का अक्का आधी पोचते, देव जाणे.

अगं, काय झालं? तुझं कार्ड आलं तेव्हा मी मुठी आणायला बाजारात गेलो होतो. पोस्टमनने ते अक्काच्या हातात दिलं. कार्डच ते, उघडंच असतं. तिने वाचलं. मी परत आलो तर दुकानाला कुलूप, आणि कुलपात चिठ्ठी: ‘मी भिंगरीकडे जाते. वाट पाहू नकोस. दूध बंद केलंय.’ आणि खाली तुझं कार्ड खोचलेलं.

मी ते तिथेच उभ्याने वाचलं. ‘चीज झालं नाही. सगळं पाणी पाणी झालं.’ भिंगरी, तू एवढी कधी खचली नव्हतीस. गवळ्याशी काही बिनसलं का? शेळ्या गेल्या का? तिचंच वाक्य तू कार्डावर लिहिलंस आणि ते तिच्याच हाती पडलं, तिच्या काळजाला घरं पडली असतील. ती तुला न्यायला निघाली आहे, याची मला खात्री आहे. ‘नाही’ म्हणणारी बाई एका पोस्टकार्डाने घराबाहेर पडली! मी तर थक्क आहे. घाबरलेलाही आहे, पण आधी थक्क.

अजून एक. माझ्या टेबलावरचं सळयांचं पुडकंही गेलंय. दुकानात चोर शिरला असं नाही, गल्ला जागच्या जागी आहे. अक्कानेच नेलंय. बहुतेक तुझ्यापुढे आदळून ‘हे घे तुझं खूळ’ म्हणणार असेल. तिने काही म्हटलं तरी तू उलट बोलू नकोस. रागाच्या भरात आहे, पण निघाली आहे हे बघ. आणि तुला खरंच घरी यायचं असेल, तर ये. वरची खोली झाडून ठेवतो.

काय ते लवकर कळव. छत्र्यांत लक्ष नाही.

तुझा,
मामा

—

५ मे

मामा,

आधी हे वाच: मी ठीक आहे, गवळीबुवा ठीक आहेत, शेळ्या तर फारच ठीक आहेत. आता हसायला तयार हो.

आई आली तेव्हा मी गोठा झाडत होते. वर पाहिलं तर दारात ती. हातात पिशवी, काखेत तुझं पुडकं, चपला धुळीने भरलेल्या. बस उतरल्यावर कुणाला न विचारता एकटी चढून आली होती. माझ्या हातातला झाडू खाली पडला. मला वाटलं, तुझं काहीतरी बरंवाईट झालं, नाहीतर ही कशी येईल! ती म्हणाली, ‘पाणी दे आधी.’ दिलं. मग म्हणाली, ‘काय झालंय, नीट सांग.’

मी काय सांगणार? म्हटलं, चीज होत नाहीये गं. आणि तिला बादली दाखवली, नासक्या पाण्याने भरलेली. ती बादलीकडे बघत राहिली. तोंडावर असं काही आलं, की हसू आहे का रडू, मला कळेना. तुझं पत्र दोन दिवसांनी मिळालं आणि मग सगळा उलगडा झाला. अरे मामा! मी दुधाचं लिहिलं होतं! दूध बसत नव्हतं! आणि बिचारी आई माझं आयुष्य पाण्यात गेलं असं समजून धावत आली! मी गोठ्यात जाऊन, तोंडात ओढणी कोंबून हसले, आणि हसता हसता रडले. तिला यातलं काही सांगितलेलं नाही. एवढ्या वर्षांनी आली आहे, तिची फजिती कशाला करायची? तूही बोलू नकोस.

पण पुढे बघ. तिने बादलीत बोट घातलं, चाटलं, आणि विचारलं, ‘दूध आधी उकळतेस?’

मी म्हटलं, ‘हो, बाजारात लोकांना द्यायचं म्हणून या खेपेपासून उकळायला लागले. आणि घरात आलेलं दूध आधी तापवायचं, ही तूच लावलेली सवय.’

तिने बोट पुसलं. मग म्हणाली, ‘विरजणाला चालतं. याला नाही चालत. एकदा उकळलं की त्याला धरून राहता येत नाही. कोमट कर, आणि कोमट म्हणजे तुझं कोमट नाही.’ असं म्हणून पिशवीतून, कपड्यांच्या घडीतून, शाळेतला तो हातभर लांब काचेचा थर्मामीटर काढला! मला ताप असेल या काळजीने निघताना हाताला लागेल तो उचलला असणार. गवळीबुवांना म्हणाली, ‘तुम्ही हा धरा, आणि मी सांगेपर्यंत हलवू नका.’ मामा, त्या दोघांचं असं जमलं आहे! त्याला बोलायला आवडत नाही आणि हिला मधे बोललेलं आवडत नाही.

दूध बसलं. वडी निवळीत बुडाली. आई पातेल्यावर वाकली, मी तिच्याकडे बघत होते. वडीचा कोपरा हलला आणि तिने माझं मनगट धरलं. वडी वर येईपर्यंत सोडलं नाही.

बाजाराच्या दिवशी ती शेगडीच्या मागे खुर्चीवर बसणार होती. ‘मी फक्त बघायला,’ असं तीनदा म्हणाली. मी पहिली सळई ठेवली. ती उठून उभी राहिली. ‘वितळणार,’ म्हणाली. मी सळई वळवली. ‘वितळणार ते, काढ.’ मी काढली नाही. ती वाकत गेली, इतकी की पुढचे केस जरा होरपळले, वास आला. चौकोन सोनेरी झाले. तांबूस झाले. रेघा उमटल्या. आई तोंडावर हात ठेवून उभी होती. आजूबाजूला गर्दी, पोरं, कुणाचं तरी गाणं चाललेलं, आणि ती जणू एकटीच तिथे होती. मी तिला असं कधीच पाहिलं नव्हतं. लहानपणी ती आम्हाला जगातल्या सगळ्या गोष्टी समजावून सांगायची. काल तिला एक अशी दिसली, जी समजूनही तिला पुरेना.

मी तिला सळई दिली. तिने पहिला चौकोन चावला, कुईकुई वाजला, ती दचकली. मिरची खाल्ली, वांगं खाल्लं, कांदा खाल्ला. सगळी सळई रिकामी केली, निमूटपणे, मुळीच घाई न करता. मग म्हणाली, ‘अजून एक.’

त्यानंतर खुर्ची रिकामीच राहिली. गर्दी वाढली तेव्हा माझ्या शेजारी उभं राहून ती तुझ्या पट्ट्यांवर मापून तुकडे कापत होती, आणि वाकडा कापला म्हणून गवळीबुवांना रागावत होती. सगळं संपलं. एका बाईने विचारलं, पुढच्या बाजाराला येणार का? मी आईकडे पाहिलं. तिने निखारे सारल्याचं सोंग केलं. ती किती दिवस राहणार आहे, मला माहीत नाही. विचारायचा धीर होत नाही. विचारलं आणि ‘नाही’ म्हणाली तर?

तुझी,
भिंगरी

—

९ मे

धाकट्यास,

आशीर्वाद. मी सुखरूप आहे. तू तातडीचं पत्र लिहून तिला घाबरवलंस. दुसरं काय करणार होतास म्हणा!

तिने ते पत्र, तुझ्या आधीच्या पत्रासकट, धान्याच्या डब्यामागे लपवलं होतं, मला सापडलं. लपवायला ती तुझ्याकडून शिकली, म्हणजे नीट शिकली नाही. तुम्हा दोघांचं मत असं दिसतं, की मी एक पोस्टकार्ड वाचून मुलीचं आयुष्य बुडालं समजले आणि ऊर बडवत निघाले.

अरे, मी जन्मभर विज्ञान शिकवलं. ‘चीज झालं नाही, सगळं पाणी पाणी झालं, पुन्हा केलं, पुन्हा तेच.’ आयुष्य कुणी पुन्हा करून बघतं का? दुधाची गोष्ट आहे, हे मला पोस्टमन जिना उतरायच्या आत कळलं. ती दूध उकळत असणार, हेही कळलं, कारण माझीच मुलगी. त्याच्याआधी दोन आठवडे मी वर दूध तापवून बघत होते. तू म्हणालास, अक्काचं वय झालं. सळया लागतील म्हणून घेतल्या. थर्मामीटर लागेल म्हणून घेतला. तुला वाटलं आदळायला नेल्या!

मग ‘नाही’ का म्हटलं होतं, असं विचारशील. ती बोलावत होती तोवर मला जाता येईना. बोलावल्यावर गेलं म्हणजे हरलं, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. ते काही शास्त्रात बसणारं नाही. पण तिचं काहीतरी अडलं आहे म्हटल्यावर निघता आलं. आईला अडल्या ठिकाणी जायला बोलावणं लागत नाही. ताकाला जाऊन भांडं लपवलं म्हण, मी नाकारणार नाही.

आता त्या आगीबद्दल. तुला एकट्याला सांगते. मला कारण माहीत होतं. दुधातलं कॅल्शियम, त्याची बांधणी, आधी एकदा निवळीत तापून निघाल्यामुळे आलेला घट्टपणा, सगळं फळ्यावर काढून दाखवीन. तरी त्या शेगडीपुढे ते सगळं मागे पडलं. लाल निखाऱ्यांवर ते पांढरं, शांत, आपला आकार न सोडता उभं होतं, आणि त्यामागे ती होती. घामाने निथळलेली, हाताला काजळी, एक बाजू झाली की बरोबर त्या क्षणी सळई वळवणारी. घड्याळ नाही, माप नाही, नुसती नजर. मी बोट धरून पाटीवर अक्षर गिरवायला लावलेला तो हात. त्याला हे मी शिकवलेलं नव्हतं. माझ्या मुलीला असं काहीतरी येतं, जे मला आयुष्यात येणार नाही, हे मी तिथे उभ्या उभ्या पाहिलं, धाकट्या, आणि मला वाटलं की देवळात घंटा वाजवायला माणूस हात वर करतो तसा करावा. केला नाही. कांदा कापायला घेतला.

पुढच्या बाजारापर्यंत मी इथे आहे. त्यानंतरचं त्यानंतर. अजून सळया कर, टोकं जरा जास्त बोथट कर, जावयाच्या बोटाला लागलं.

आणि हे तिला कधीही कळवू नकोस. तिला वाटतं, आई तिला न्यायला आली होती, आणि एका सळईने तिने आईला जिंकलं. काल शेळ्यांना तेच सांगत होती, मी कुडाच्या अलीकडून ऐकलं. आवाजात इतका आनंद होता की मी पावलं न वाजवता मागे फिरले. तिला तसंच वाटू दे. मी घरून निघाले तेव्हाच हरलेली होते, हे सांगून तिच्या आनंदात पाणी कशाला घालू?

तुझी,
अक्का